जॉब कार्ड संपल्यावर आपली किंमत कशात मोजायची?

सागवान | सोमवार, रात्री ९:४८

नमस्कार. सहा वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पॅटर्नमेकर. ज्या वस्तूचं लोखंडी कास्टिंग करायचं तिची आधी हुबेहूब लाकडी वस्तू करतात, ती वाळूत दाबून ठसा घेतात, मग ती काढून त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लहान शॉपमध्ये रंधा धरायला शिकलो आणि मग शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ३१ वर्षं काढली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ५८ पूर्ण झाली. फेटा, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, चार जणांची भाषणं. तो शनिवार होता.

सोमवारी साडेपाचला नेहमीसारखी जाग आली. स्वयंपाकघरात गेलो तर बायको कणीक मळत होती. माझ्या डब्याची. आम्ही एकमेकांकडं बघितलं. ती म्हणाली, "सवयीनं घेतली हो मळायला." मग त्या चपात्या आम्ही सात वाजता चहाबरोबर खाल्ल्या. कुणी काही बोललं नाही.

पैशाची अडचण नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळाली, मुलगी तिच्या घरी सुखी आहे. तरीही पुढचे आठ महिने कसे गेले ते मला सांगता येत नाही. आमच्या शॉपमध्ये प्रत्येक कामाला जॉब कार्ड असायचं. जाड पिवळा कागद. वर ड्रॉइंग नंबर, खाली नग किती, कुणी करायचं, किती तासांत. सकाळी बेंचवर ते कार्ड पडलेलं असायचं. ३१ वर्षं मी कधी स्वतःला विचारलं नाही की आज उठायचं कशासाठी, कारण उत्तर बेंचवर असायचं. निवृत्तीनंतर कळलं की तो प्रश्न मला येतच नाही. त्याचा अभ्यासच कधी झाला नव्हता.

उद्यमनगरातून जाणं टाळायला लागलो. रंध्याचा आवाज आला की पोटात खड्डा पडायचा. एका लग्नात पाहुण्यांनी सहज विचारलं, "सध्या काय चाललंय?" मी म्हणालो, "काही नाही." तोंडातून ते गेलं आणि पुढचा घास उतरेना.

आणखी एक गोष्ट मोकळेपणानं लिहितो. शेवटची तीन-चार वर्षं तिथंही मी थोडा बाजूलाच होतो. कॉम्प्युटरवर मॉडेल काढायचं, सीएनसी मशीननं पॅटर्न कापायचा, असं सुरू झालं होतं. माझ्याकडं दुरुस्त्या यायच्या. तेव्हा मनानं धरलं की आपला हात गेला. हात गेला नव्हता, गरज कमी झाली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला फार उशिरा कळलं.

डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. मुलांचे बसायचे पाट डुगडुगत होते. चार पाट घेऊन बसलो. खालच्या पट्ट्या उखडलेल्या, खिळे गंजलेले. नव्या पट्ट्या रंधून, काटकोन बघायला गुण्या लावून, स्क्रूनं बसवल्या, कडा घासून गोल केल्या, कारण लहान मुलांच्या मांड्यांना कड लागते. सुरुवात करायच्या आधी हात आपोआप कॅलेंडरच्या फाटक्या पानाकडं गेला आणि मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: "जॉब: पाट. नग ४. वेळ २ तास." संध्याकाळी त्यावर बरोबरची खूण केली. त्या रात्री झोप लागली.

तेव्हापासून रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं कार्ड मी स्वतः लिहितो. एकच काम. शेजारच्या काकींच्या दाराचा कोयंडा. नातवाला त्रिकोणाचं क्षेत्रफळ पुठ्ठा कापून दाखवणं. परवा नुसतं एवढंच होतं: "जुन्या मित्राला भेटून येणं. तो बोलत नाही, आपण बसणं."

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाची किंमत कामात असते आणि ते काम दुसऱ्यानं नेमून द्यायची वाट बघू नये. तुम्ही तुमची किंमत कशी ओळखता? सकाळी उठल्यावर कशाला हात घालता? लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

रंकाळा_फेरी | सोमवार, रात्री १०:१५

काका, फार मनापासून लिहिलंत. मी तर म्हणेन सकाळी रंकाळा तलावाला एक फेरी मारा, हास्यक्लब जॉइन करा, छंद लावून घ्या. दिवस कसा जातो कळत नाही.

सागवान | सोमवार, रात्री १०:३१

आभारी आहे. फेरी मारतो, अगदी तलावातल्या संध्यामठापर्यंत जाऊन बसतोही. पण दिवस कसा जातो ते कळू नये अशी माझी इच्छा नाही हो. कळला पाहिजे. त्या आठ महिन्यांत तो न कळताच जात होता.

टर्नर४१ | सोमवार, रात्री ११:०२

काका, पाया पडतो. मी ४१ चा, लेथवर. तुम्ही जे ५८ ला सोसलं त्याची भीती मला आत्ताच रात्री दोनला उठवते. आमच्याकडं दोन सीएनसी आल्या आणि त्यावर २३ वर्षांचा पोरगा बसलाय. लै गुणी पोरगं आहे, म्हणून राग पण धरता येत नाही.

ज्या उस्तादांकडं शिकलो त्यांना जाऊन भेटलो. म्हटलं, आता आपलं काय? ते म्हणाले, "आरं, ह्याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ ला सिनेमाचा कॅमेरा घरात बनिवला. कुणी शिकिवलं हुतं त्यास्नी? दुसऱ्याचं यंत्र बघितलं, खोललं, आनि आपलं केलं. तू त्या पोराला विचारायला लाजतोस व्हय?"

खरं होतं. लाजत होतो. गेला महिनाभर शिफ्ट संपल्यावर अर्धा तास त्याच्याशेजारी थांबतो. तो मला प्रोग्रॅम वाचायला शिकवतो आणि मी त्याला टूल खराब व्हायच्या आधी आवाजावरून कसं ओळखायचं ते सांगतो. परवा त्यानं मशीन थांबवलं आणि मला हाक मारली, "मामा, हा आवाज बघा जरा." टूलची टिप गेली होती. तुमच्या "हात आणि गरज" वाल्या वाक्याचा फोटो काढून ठेवलाय.

वेणीवाली | मंगळवार, सकाळी ६:२०

आमच्या घरात पायताणं होतात. सासरे तळ कापतात, नवरा शिवतो आणि सासूबाई वेणी घालतात. पट्ट्यावर बारीक चामड्याची जी गुंफण दिसते ती वेणी. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ओलं असताना सोलून त्याच्या सारख्या मापाच्या बारीक वाद्या काढायच्या आणि गुंफत जायचं. एक वादी जाड गेली की पुढची सगळी ओळ तिरकी. सासूबाई आता चष्मा लावून घालतात, पण ओळ अजून सुतात असते.

२०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये परदेशी मॉडेलच्या पायात अगदी आपल्यासारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नावच नव्हतं. केवढा गोंधळ झाला. नंतर त्या कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इकडची. टीव्हीवर सगळीकडं तेच. मी सासूबाईंना फोनवर फोटो दाखवला. म्हटलं, आत्या, बघा, आपली वेणी कुठं पोचली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "चांगली हाय. पर म्या काल घातली ती काय कमी सरळ हुती?"

मी चूल पेटवायची सोडून तिथंच उभी राहिले.

पण सागवान काका, मला दुसरंही सांगायचं आहे. सासूबाईंना स्वतःच्या हाताची किंमत माहीत आहे, घराला माहीत नव्हती. हिशोब व्हायचा तो जोडावर. कातड्याचे इतके, कापणीचे इतके, शिलाईचे इतके. वेणीचा रकानाच नाही, कारण ती "घरातच" होते. चाळीस वर्षं हे असंच. मी बारावी शिकलेय, घरचा हिशोब मी लिहिते, आणि लग्नानंतरची पाच वर्षं मीही तो रकाना आखला नव्हता. मागच्या दिवाळीला आखला. रोज किती जोडांच्या वेण्या, बाहेर दिल्या असत्या तर किती मजुरी पडली असती. सहा महिन्यांनी सासऱ्यांपुढं वही ठेवली. ते बराच वेळ आकड्याकडं बघत राहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून सासूबाईंसाठी नवा चष्मा करून आणला आणि आता दर महिन्याला वेगळे पैसे त्यांच्या हातात देतात.

म्हणून मला वाटतं, स्वतः ओळखणं एक झालं. पण ते कुठंतरी लिहूनही ठेवावं लागतं. नाहीतर घरातलीच माणसं ते हवेत सोडून देतात, आणि वाईट मनानं सोडत नाहीत, हेच जास्त अवघड.

भोगावती_काठ | मंगळवार, सकाळी ८:०५

वेणीवाली ताई, तुमचं वाचून सकाळी सकाळी शरम वाटली, ती इथंच लिहितो.

आमच्या दोन म्हशी. धारा बायको काढते, वैरण ती आणते, शेण ती काढते. साडेचारला उठते. मी दूध संस्थेत कॅन घेऊन जातो एवढंच. फॅट चांगली लागली की संस्थेतली माणसं मला म्हणतात, "काय पाटील, म्हस जोरात हाय." आणि मी मिशीला हात लावतो. दहा दिवसांनी बिल माझ्या खात्यावर येतं. तिला पाहिजे तेव्हा ती मागते, मी देतो. नाही म्हणालो असं कधी झालं नाही. पण मागावं लागतं ना. ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं, ते पण मुलीनं विचारल्यावर. "पप्पा, म्हशी आईच्या की तुमच्या?"

खातं तिच्या नावावर केलं. सातबाऱ्यावरही नाव लावलं. लक्ष्मी मुक्ती म्हणून १९९२ पासूनची सरकारी योजना आहे, नवऱ्यानं तलाठ्याकडं स्वतः अर्ज दिला की बायकोचं नाव सोबत लागतं. आमच्या गावात फार जणांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

उतारा हातात दिला तेव्हा ती वाचत बसली. पाचवीपर्यंत शिकलीय, बोट ठेवून वाचते. स्वतःच्या नावावर बोट थांबलं. मग म्हणाली, "हे नाव मी लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदा छापलेलं बघितलं."

कूस | मंगळवार, दुपारी २:४०

सागवान काका, तुमचा धागा काल रात्रीच वाचला. लिहू की नको असं वाटत होतं, कारण मला तुमच्याशी सहमत होता येत नाही, आणि तुम्ही इतकं प्रांजळ लिहिलंय की विरोध करताना जीव दुखतो.

माझी आई चार वर्षं अंथरुणावर आहे. पक्षाघात. डावी बाजू पूर्ण गेली, बोलणं जवळजवळ गेलं. त्याआधी ती प्राथमिक शिक्षिका होती, ३३ वर्षं नोकरी. गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिनं बाराखडी शिकवली आहे. आता दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण होतात. एकदा कंबरेला झालं होतं, भरायला तीन महिने लागले. रात्रीचा गजर लावून मी आणि भाऊ आळीपाळीनं उठतो.

तुम्ही म्हणता किंमत कामात असते. मग माझ्या आईची किंमत काय? तिच्या हातात मी कुठलं कार्ड देऊ? तिच्याकडून चार पाट होणार नाहीत, कोयंडा लागणार नाही, वेणी होणार नाही. वेणीवाली ताईंनी वही आखली, छान केलं, पण माझ्या आईच्या वहीत सगळी पानं कोरीच राहणार.

आजारी पडल्यावर सुरुवातीला तिच्या डोळ्यांत हेच असायचं. पाहुणे आले की तोंड भिंतीकडं. औषध घ्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, तिला वाटतंय ती आता ओझं आहे. आयुष्यभर जी बाई "कामाचं माणूस" म्हणून ओळखली गेली तिला दुसरी ओळखच नव्हती. आपणच दिली नव्हती. आम्ही मुलांनी लहानपणापासून तिचं कौतुक कशाचं केलं? "आई किती करते." कधी कुणी म्हणालं नाही की आई, तू नुसती बसलीस तरी घर घर वाटतं.

मी एक दिवस तिची नखं काढत होते. उजव्या हाताची. तिनं ती बोटं हळूच उलटी केली आणि माझ्या मनगटावर दोनदा थापटली. शाळेतून आल्यावर दप्तर काढताना थापटायची तशी. त्या दिवशी मला ऑफिसात बोलणी बसली होती आणि मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं मला माहीत नाही.

हे काम आहे का? कार्डावर लिहिता येईल का? मला वाटतं नाही. आणि ती बोटं हलली नसती तरी ती माझ्यासाठी तेवढीच असती. म्हणून काका, तुमच्या कार्डानं तुम्हाला उभं केलं याचा मला आनंद आहे, पण किंमत त्या कार्डावर टेकवू नका. तुमचेही हात एक दिवस थरथरतील. त्या दिवशी परत लग्नातल्या जेवणासारखं व्हायला नको.

गंगावेस | मंगळवार, दुपारी ३:१०

कूस ताई, हे वाचून तालमीच्या पायरीवर बसलोय. पोरं आत जोर मारताहेत. नंतर लिहितो.

उंबरठा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

धागा चांगला चाललाय. पण "स्वतःची किंमत स्वतः ओळखा" हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला थोडं थांबावंसं वाटतं. का ते सांगतो.

आमच्या घरात आजोबा गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगायचे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेला माणूस. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून सहकाऱ्यांनी चाबकानं मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला म्हणाले, स्वतःचा काहीतरी धंदा काढ. त्यानं भाऊसिंगजी रोडला चहाचं दुकान काढलं. चहा उत्तम, स्वच्छता उत्तम. गिऱ्हाईक येईना. कोण पिणार त्याच्या हातचा? तर महाराज गाडी थांबवून तिथं चहा घ्यायला लागले आणि बरोबरच्या मोठ्या मोठ्या मंडळींनाही घ्यायला लावायला लागले.

आजोबा इथं नेहमी थांबायचे आणि विचारायचे, "चहा पहिल्या दिवशीबी तेवढाच चांगला हुता का न्हाई?" होता. गंगारामला स्वतःची किंमत माहीत होती, नाहीतर दुकान उघडण्याचं धाडस कुठून येईल? पण समोरचा कप उचलत नाही तोवर त्या माहितीवर घर चालत नाही. आणि महाराज नुसता चहा घेऊन थांबणारे नव्हते. त्याआधीच, २६ जुलै १९०२ ला, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा त्यांनी मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवल्या होत्या.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) माझा कप खिडकीत वेगळा असायचा. कुणी काही बोलायचं नाही. कप बोलायचा. मी तिथं दीड वर्ष होतो आणि त्या दीड वर्षात मी स्वतःला आरशात बघून किती वेळा समजावलं असेल. उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो नव्यानं आलेल्या एका वयस्कर बाईंचा. त्यांनी तिसऱ्या दिवशी खिडकीतला कप उचलला, स्वतःचा चहा त्यात ओतला आणि पीत पीत फाइल वाचायला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून खिडकीत कप नव्हता.

दिवसाचा हेतू वगैरे मला फार कळत नाही. पण मी रोज बघत असतो की आपल्या आसपास कुणाचा कप खिडकीत आहे का. बहुतेक वेळा असतो. सफाईवाल्या मावशींचा असतो, नव्या शिपायाचा असतो.

वेणीवाली | मंगळवार, सायंकाळी ६:५२

+१. उंबरठा दादा, हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ८:४५

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून एक गोष्ट मध्येच लिहिते.

सागवान काकांचे आठ महिने वाचताना काळजी वाटली. निवृत्तीनंतर, मुलं बाहेर गेल्यावर, नोकरी सुटल्यावर रिकामं रिकामं वाटणं स्वाभाविक आहे. पण उदास वाटणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोज राहिलं, झोप-भूक बिघडली, "माझा काही उपयोग नाही, मी नसलो तर बरं" असे विचार येऊ लागले, तर तो स्वभाव नसतो आणि आळसही नसतो. तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. अशा माणसाला "स्वतःची किंमत ओळख" असं सांगणं म्हणजे ताप आलेल्याला थंड हो म्हणण्यासारखं आहे. ओळखण्याची शक्तीच त्या वेळी आजारानं धरून ठेवलेली असते.

१४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे. २४ तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातही मानसोपचार विभाग आहे. टर्नर दादा, रात्री दोनला उठणं चालूच राहिलं तर तुम्हीही जाऊन या. लेथला तेल घालतोच की आपण.

कूस ताई, आणि तुम्ही? रात्री गजर लावून उठणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

कूस | मंगळवार, रात्री ९:१०

निळी_शाई ताई, शेवटची ओळ वाचून रडले. बरं वाटलं. फोन करेन.

गंगावेस | मंगळवार, रात्री ९:५५

आता निवांत लिहितो. मी तालमीत पोरं शिकवतो. मी स्वतः मोठा पैलवान झालो नाही, २६ व्या वर्षी गुडघा गेला.

पोरांना मी खाशाबा जाधवांचं सांगतो. गोळेश्वरचे, कराडजवळचे, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मॅटवर कधी खेळलेच नव्हते, आपली माती. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून लोकांचे पैसे फेडले. पुढं पोलिसात नोकरी केली. १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

हे सांगितलं की पोरं खाशाबांचंच विचारतात. मला रात्री खर्डेकर सर आठवतात. त्यांना कुस्तीतलं पदक मिळणार नव्हतं. ज्या पोराकडं बघून त्यांनी घर गहाण टाकलं ते पोरगं तेव्हा जगाच्या हिशोबात सहाव्या नंबरचं होतं.

कूस ताईंचं दुपारी वाचलं आणि मला माझाच राग आला. माझ्या तालमीत एक पोरगं आहे, चौदा वर्षांचं. तीन वर्षं येतंय. कुस्ती येणार नाही त्याला, मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. पाटीभर माती उकरतं, लोणी-हळद-ताक टाकून माती मळायला पहिलं येतं, सगळ्यांची लंगोटं वाळत घालतं. मी त्याला कधी जवळ घेतलं नाही, कारण माझं लक्ष जिंकणाऱ्यांवर. आज संध्याकाळी त्याला हाक मारली आणि शेजारी बसवलं. काय बोलावं सुचेना. विचारलं, "जेवलास?" ते इतकं दचकलं की मला कळलं, तीन वर्षांत मी त्याला कामाशिवाय पहिल्यांदा काही विचारत होतो.

सागवान | बुधवार, पहाटे ५:४०

रात्रभर डोक्यात तुम्हीच सगळे होतात.

कूस, बाळ, तुझं बरोबर आहे आणि मी चुकलो. लिहिलेलं खोडत नाही, पण आता तसं म्हणणार नाही. पॅटर्न करताना आम्ही तो मापापेक्षा थोडा मोठा करतो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलीमीटर. त्यासाठी वेगळी पट्टी असते, दिसायला साधी पण तिच्यावरच्या खुणाच जरा लांब पडलेल्या. ती पट्टी धरून मी ३१ वर्षं मापं घेतली आणि माणसं मोजायला मात्र साधी पट्टी धरली. स्वतःला तर धरलीच.

माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. मी तेव्हा ओव्हरटाइम करायचो. घरात पैसे लागतात म्हणून करायचो असं सांगायचो, पण खरं म्हणजे तिच्याजवळ बसून काय करायचं ते मला कळायचं नाही. हातात काम नसलं की मी तिथं थांबू शकत नव्हतो. हे आजवर बायकोलाही बोललो नव्हतो. आज पहाटे तिला उठवून सांगितलं.

उंबरठा, तुमच्या त्या वयस्कर बाईंना माझा नमस्कार कळवा, असतील तिथं. वेणीवाली, सासूबाईंना सांगा की सुतात ओळ काय असते ते ज्याला कळतं असा एक माणूस त्यांना मानतो.

कार्ड मी लिहीतच राहणार. त्याशिवाय मला सकाळ सापडत नाही.

कूस, एक विचारू का? तुझी आई पाठीला उशा लावून बसते का? उशा सरकतात, माणूस खाली घसरतं आणि घसरण्यानंच कातडी जास्त सोलते, असं माझ्या आईच्या वेळी नर्सबाई म्हणायच्या. मी उताराची पाठफळी करू शकतो, मागं खाचा असलेली, म्हणजे कमी-जास्त तिरकी करता येईल. वर फोम, त्यावर सुती खोळ. आधी डॉक्टरांना विचार की किती उतार चालेल. आणि पलंगाची रुंदी, गादीची जाडी आणि आईची बसल्यावर खांद्यापर्यंतची उंची कळव. पत्ता इथं लिहू नकोस, व्यक्तिगत निरोप (व्यनि) कर.

टर्नर४१ | बुधवार, सकाळी ७:१५

काका, खाचांना लागणारा लोखंडी दांडा मी टर्न करून देतो. कडा मारून. माप सांगा फक्त.

कूस | बुधवार, रात्री ८:२०

काका, डॉक्टरांना विचारलं. म्हणाले ३० अंशांपर्यंत ठेवा, जेवताना तेवढा वेळ जास्त चालेल. पलंग ९१ सेंटीमीटर रुंद, गादी १३, खांदा ५४. व्यनि केला आहे.

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. सगळा. ती डोळे मिटून ऐकत होती. मग मी विचारलं, फळी झाल्यावर पलंग कुठल्या दिशेला करायचा, खिडकीकडं तोंड करून देऊ का, झाडं दिसतील. तिनं मान हलवली. नाही. उजवा हात उचलून दाराकडं बोट केलं. शाळेतून मुलं येतात त्या रस्त्याकडचं दार.

सागवान | बुधवार, रात्री ८:४१

दाराकडं तोंड, म्हणजे उजवा हात भिंतीकडं येणार की मोकळा राहणार ते बघावं लागेल. मोकळाच ठेवू. त्या बाजूला हात टेकायला बुटकी पट्टी देतो, कड गोल करून.

शुक्रवारी दहाला येतो, पट्टी आणि गुण्या घेऊन. तोवर पलंग हलवू नकोस.